किनाऱ्यावर काम करणाऱ्या मुलांसाठी देणगी द्यायची आहे, कुठे आणि कशासाठी द्यावी?

खोर्ली_म्हापसा

नमस्कार मंडळी,

आमच्या दहावीच्या बॅचला यंदा पंचवीस वर्षं होतात. स्नेहसंमेलनासाठी वर्गणी जमली आहे. त्यातला मोठा भाग हॉटेल आणि जेवणावर न घालता मुलांच्या कामासाठी द्यायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. रक्कम साधारण दीड लाख होईल.

हा विषय मनात आला तो गोव्यातल्या कळंगुट-बागा किनारपट्ट्यामुळे. पाहुणे आले की त्यांना घेऊन जावं लागतं. रात्री अकराला सहा-सात वर्षांची पोरं दिव्यांचे फुगे विकत फिरत असतात, मुली पैंजणं आणि मण्यांच्या माळा घेऊन शॅकमधल्या (वाळूवरच्या हंगामी हॉटेलांतल्या) टेबलाटेबलाशी उभ्या राहतात. दोरीवर चालणारं एखादं लेकरू आणि खाली ढोलकी वाजवणारी त्याची आई, हेही पाहिलं. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांची मुलं याच वयाची आहेत.

आता मतभेद असे की, काही जण म्हणतात एखाद्या बालगृहात जाऊन धान्य, कपडे देऊ आणि मुलांबरोबर एक दिवस घालवू. काहींना किनाऱ्यावरच दप्तरं, वह्या, छत्र्या वाटायच्या आहेत. दोघे-तिघे म्हणतात, छापे घालून मुलांची सुटका करणाऱ्या संस्थेलाच पैसे देऊ, बाकी सगळं वरवरचं. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. बाजाराजवळ संध्याकाळी एक रॉस ऑम्लेटचा गाडा लागतो. तिथे बारा-एक वर्षांचा मुलगा ताटल्या विसळतो, पाव आणून देतो, रात्री उशिरापर्यंत असतो. मालकाला विचारलं तर म्हणाला, "भाचो म्हजो, सुटयेक आयला." पण सुट्टी संपून बरेच दिवस झाले. तक्रार केली तर त्या मुलाचं पुढे काय होतं? ते कळल्याशिवाय फोन उचलायला हात धजत नाही.

---

डिचोली_कोर्ट

गाड्यावरच्या मुलाबद्दल कायदा थोडक्यात सांगतो.

बालकामगारांचा मूळ कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता कारवाई करू शकतात.

"भाचा" हा शब्द मात्र महत्त्वाचा. याच दुरुस्तीने कुटुंबाच्या व्यवसायात मदत करायला सूट दिली, आणि कुटुंबाच्या व्याख्येत आईवडील, भावंडं यांच्याबरोबर काका, आत्या, मामा, मावशी हेही आले. पण ती सूट शाळा सुटल्यानंतरची किंवा सुट्टीतली आहे, आणि काम धोक्याचं नसेल तरच. मूल शाळेतच जात नसेल तर मामा खरा असून उपयोग नाही. नातं खरं आहे की नाही हे तपासणं तुमचं काम नव्हे, ते यंत्रणा बघेल.

सुटका झालेल्या मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं. गोव्यात उत्तर आणि दक्षिण जिल्ह्यासाठी वेगळ्या समित्या आहेत. पुढचा निर्णय समिती घेते: घरी पाठवायचं, काही काळ बालगृहात ठेवायचं की आणखी काही. मालकाचा दंड आणि सरकारकडून प्रत्येक मुलामागे पंधरा हजार रुपये मुलांच्या पुनर्वसन निधीत जमा व्हावेत अशीही तरतूद आहे.

शिवाय आपल्या राज्याचा स्वतःचा गोवा बाल कायदा, २००३ आहे आणि त्यासाठी वेगळं बाल न्यायालय आहे.

---

मोरजी_किनारा

मी शॅक चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नये.

ही मुलं आमच्याकडे कामाला नाहीत. ती आयांबरोबर येतात. लमाणी बायका कित्येक वर्षांपासून किनाऱ्यावर माल विकतात, त्यांच्या आयाही विकायच्या. आम्ही मुलांना हाकललं तर गिऱ्हाईकच आमच्यावर ओरडतं आणि मुद्दाम त्या मुलाकडून दोन माळा घेतं. मुलाकडून माल खपतो, आईकडून खपत नाही, हे त्या बाईला कळतं. घरी चूल पेटायची त्यावर. मी स्वतः शाळा सुटल्यावर बाबांच्या दुकानात बसायचो, माझं काही वाईट झालं नाही. उद्या पोलीस आणून सगळ्यांना उचललं तर ती माणसं खाणार काय? दान देणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

---

मांडवीकाठ

मी कळंगुट-कांदोळी पट्ट्यात एका संस्थेच्या वर्गात बरीच वर्षं शिकवलं. संस्थेचं नाव देत नाही, कारण तुमचे पैसे आमच्याकडे वळवण्यासाठी हे लिहीत नाही.

आधी मोरजीच्या भाऊंना. तुम्ही जे लिहिलं ते खरं आहे. मुलाकडून माल जास्त खपतो. पण त्याचा अर्थ पुढपर्यंत न्यायला हवा. गिऱ्हाईक मुलाची कीव येऊन माळ घेतं, म्हणून मूल रात्री अकरापर्यंत वाळूवर राहतं, म्हणून सकाळी उठत नाही, म्हणून शाळा बुडते, आणि शाळा बुडते म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपासून पुन्हा वाळूवर. तुम्ही शाळा सुटल्यावर दुकानात बसायचात. या मुलांना सुटायला शाळाच नाही. दुकानात तुमच्या शेजारी बाबा होते, इथे मूल अंधारात अनोळखी माणसांमागे फिरत असतं. गोवा बाल कायद्यात, कुटुंब किंवा रक्ताच्या नातेवाइकाबरोबर नोंद नसेल तर मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये असं कलम घालावं लागलं. फोटो धुणाऱ्या स्टुडिओवाल्यांवरही जबाबदारी टाकावी लागली की, मुलांचे अश्लील फोटो हाती आले तर कळवायचं. आपल्या किनाऱ्यांवर काय घडत होतं ते पाहूनच हे लिहिलं गेलं. संध्याकाळनंतर एकटं फिरणारं मूल दिसलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

आता देणगीबद्दल.

दप्तरं वाटू नका. मी अशी पुष्कळ वाटपं पाहिली. दप्तर मिळालं की ते गावाकडच्या भावंडासाठी गाठोड्यात जातं, आणि त्यात आईची काही चूक नाही. दप्तर नाही म्हणून शाळा सुटलेलं एकही मूल मला त्या पट्ट्यात भेटलं नाही. शाळा सुटते ती वेगळ्याच कारणांनी, आणि ती वस्तीत बसल्याशिवाय दिसत नाहीत.

आमच्या वर्गात एक मुलगी यायची, नऊ-दहा वर्षांची. हुशार. मोरजीला राहून आलेली, तिथे रशियन पर्यटक फार, त्यामुळे रशियन आकडे तिला शंभरपर्यंत तोंडपाठ. पण आठवड्यातून दोनदाच यायची, तीही कडेवर भाऊ घेऊन. भाऊ रडला की उठून जायची. आई दुपारी तीनला माल घेऊन निघायची ती मध्यरात्री परतायची, आणि तान्ह्याला सांभाळायला हीच. ही मुलगी काही विकत नव्हती, कुणाच्या गाड्यावर नव्हती, म्हणून कुठल्याच पाहणीत ती बालकामगार नव्हती. छापा घालणाऱ्यांना ती दिसणं शक्यच नाही. पण तिच्याइतकं काम त्या वस्तीत कोणी करत नसेल.

अंगणवाडी आहे ना, असं कोणी म्हणेल. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे आणि तिने खूप केलं, पण ती सकाळची असते. किनाऱ्यावरच्या आईचा धंदा दुपारी सुरू होतो. बांधकामावरच्या बाईचं तेच. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. पण पर्वरीत किंवा करासवाड्याला जी बांधकामं चालतात त्यातल्या किती ठिकाणी पन्नास बायका असतात? आठ-दहा असतात. त्यांची मुलं सिमेंटच्या गोण्यांवर झोपतात आणि मोठी बहीण राखण बसते.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. मुलाला कामावरून उचलायला पैसे देण्याआधी, ते काम ज्या कारणाने त्याच्या अंगावर पडलं ते कारण उचलायला द्या. दुपारी दोन ते रात्री नऊ चालणारं पाळणाघर, तिथल्या बाईचं मानधन, सकाळी वस्तीतून शाळेपर्यंत मुलं नेणारी रिक्षा, शाळेत बसवण्याआधीचा पूर्वतयारीचा वर्ग. या गोष्टींना देणगीदार मिळत नाहीत. फलक लावता येत नाही, उद्घाटन करता येत नाही. आमच्या संस्थेला संगणक दोनदा मिळाले, पण पाळणाघरातल्या मावशींचा पगार दर मार्चला अडायचा.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. तेव्हाच्या आंध्रात रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या एमव्ही फाउंडेशनने १९९१ पासून हेच धरून काम केलं. त्यांची व्याख्या सरळ होती: शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे कामावरचं मूल. मग ते शेतात असो, गुरांमागे असो की घरात बाळ सांभाळत असो. मुलांना आधी शिबिरात ठेवून वयाच्या इयत्तेपर्यंत आणायचं आणि मग साध्या सरकारी शाळेत बसवायचं, ही त्यांची रीत. आपल्या शेजारी महाराष्ट्रात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, ऊसतोडीच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. माणसं कामासाठी हलतात तर शाळाही तिथे न्यायची, हा त्यामागचा विचार.

गोव्यात स्थलांतराचं गणित आणखी वेगळं आहे. आमची बरीच मुलं गदग, कोप्पळ, बागलकोट भागातली. मे महिन्यात सीझन संपला, पाऊस लागायच्या आत कुटुंब गावी जातं आणि दिवाळीच्या सुमारास परत येतं. शाळा सुरू होतात तेव्हा मूल गावी, हजेरी पक्की होते तेव्हा मूल गोव्यात. गावच्या शाळेत नाव आहे पण मूल नाही, इथे मूल आहे पण नाव नाही. शिवाय घरी गोरमाटी ही लमाणी बोली, गावी शाळेत कन्नड, वाळूवर हिंदी-इंग्रजी, आणि इथल्या शाळेत मराठी किंवा कोकणी. आमच्या कामाचा मोठा भाग फोनवर चालायचा. गावच्या मास्तरांना फोन करायचा, मूल कुठवर शिकलंय विचारायचं, इथून जाताना दाखल्याबरोबर एक चिठ्ठी द्यायची. ज्या मुलांच्या बाबतीत हे नीट जमलं ती टिकली. ते करायला पूर्ण वेळ देणारं एक माणूस लागतं, आणि त्याचा पगार लागतो.

छाप्यांबद्दल. ते नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. मालक मारत असेल, पगार दाबून ठेवत असेल, दलालाने मूल आणून विकल्यासारखं ठेवलं असेल, लैंगिक शोषणाचा संशय असेल तर एक दिवसही थांबू नये. बाललैंगिक अत्याचाराच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे तर माहिती असून न कळवणं हाच गुन्हा आहे. पण मी सुटकेच्या वेळी सोबत गेलेली आहे. गाडीत बसलेल्या मुलाला कोणी शिक्षा करायला नेतंय असंच वाटत असतं. आई फाटकाबाहेर बसून राहते, कारण मूल तिचंच आहे हे दाखवायला कागद नसतो. पुढे मूल घरी आलं की कुटुंब रातोरात दुसऱ्या किनाऱ्यावर जातं, कधी हरमलला, कधी थेट गोकर्णला. मग आम्हालाही ते सापडत नाही. वास्कोजवळ बायण्याला २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती पाडली गेली तेव्हाही हेच झालं. बायका आणि मुलं विखुरली, आणि ज्यांच्यापर्यंत कार्यकर्ते पोचले होते तीही हातातून गेली.

तेव्हा सुटका करणाऱ्या संस्थेला पैसे द्यायचे तर त्यांना एवढंच विचारा: मागच्या वर्षी सोडवलेली मुलं आज कुठे आहेत, कितवीत आहेत? ज्यांच्याकडे वही उघडून सांगण्यासारखं उत्तर असेल त्यांना जरूर द्या. "इतक्या मुलांची सुटका" एवढाच आकडा सांगून थांबतील त्यांना देऊ नका.

बालगृहात एक दिवस घालवण्याबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. मडगाव परिसरात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस निराधार मुलांसाठी आसरा चालवायचा. लोक त्याला चांगला माणूस समजत. १९९१ साली त्याला अटक झाली तेव्हा कळलं की त्या मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार होत होते आणि परदेशी माणसं त्यात सामील होती. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तेव्हा गोव्यात अनेकांना पहिल्यांदा कळलं की दानाच्या आडून काय चालू शकतं. आज कुठल्याही बालगृहाला बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. ती आहे का ते आधी विचारा. आणि अनोळखी माणसांना सहज आत घेऊन मुलांच्या खोल्या दाखवणारी, मुलांना पाहुण्यांसमोर नाचायला लावणारी संस्था असेल तर तिथून परत या. जी संस्था तुम्हाला "मुलांना भेटता येणार नाही, पण हिशेब दाखवतो" असं सांगेल ती बरी. पंचवीस-तीस अनोळखी मंडळी केक घेऊन येतात, मुलांना मांडीवर घेतात, फोटो काढतात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. अशा भेटींनंतर काही मुलं जेवत नसत, हे मी पाहिलं आहे. फोटो तर टाकूच नका. अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यावर त्याच कायद्याने बंदी आहे.

गाड्यावरच्या मुलाचं. १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करा. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली, आता सरकारच चालवतं. जागा, गाडा लागण्याची वेळ, मुलाचं अंदाजे वय, आणि मालक भाचा म्हणतो हेही सांगा. तुमचं नाव गुप्त ठेवता येतं. मालकाशी भांडू नका, नाहीतर मूल उद्या तिथे दिसणार नाही आणि कुठे नेलं तेही कळणार नाही. मोबाईलवर त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका. आणि फोन केल्यावर तुमचं काम संपलं असं धरू नका. आठवड्याने पुन्हा फोन करून विचारा काय झालं. माहिती देणारा पाठपुरावा करतो हे कळलं की कागद हलतात.

मूल घरी गेलं तर ते कुठल्या शाळेत बसतंय याची चौकशी तुमच्या बॅचमधल्या एखाद्या शिक्षकाला करता येईल. खरी गरज तिथे आहे.

---

फोंड्याची_बाई

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. मांडवीकाठ ताईंच्या लिहिण्यात एक भर.

कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवलं असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी नाही. मुलाला वयाच्या इयत्तेत बसवायचं आणि मागे राहिलेलं शिकवण्यासाठी खास प्रशिक्षण द्यायचं, असं त्यातच लिहिलं आहे. माझ्याकडे ओडिशाहून आलेला एक मुलगा थेट चौथीत बसला, अक्षरओळख नव्हती. पहिले दोन महिने फार कठीण गेले, त्याला आणि मलाही. मधल्या सुट्टीतली पावभाजी त्याला आवडायची म्हणून तो यायचा, हे मी मोकळेपणी सांगते. मग हळूहळू वाचायला लागला.

शिक्षिका म्हणून मागणी एकच: मूल आणून सोडणाऱ्या संस्थेने पुढचे काही महिने आमच्याशी बोलत राहावं. तीन दिवस मूल आलं नाही तर वस्तीत जाऊन बघायला माझ्याकडे वेळ नसतो. माझ्याच मागे दोन वर्ग आहेत.

---

खोर्ली_म्हापसा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा मी ग्रुपवर वाचून दाखवला. बालगृहभेट रद्द झाली. दप्तरांचा विचार धरून बसलेले दोघे अजून नाराज आहेत, पण ऐकतील.

१०९८ वर फोन केला. नीट ऐकून घेतलं, माहिती लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात पुन्हा करीन.

ताई, दीड लाखात नक्की काय होऊ शकतं? आणि एकदम द्यावे की थोडे थोडे?

---

मांडवीकाठ

महिना साडेबारा हजार धरले तर एका पाळणाघराच्या मावशींचं वर्षभराचं मानधन दीड लाखात निघतं. मी असते तर तेच केलं असतं. एका वस्तीत, एका बाईचा पगार. एकदम देऊ नका, तीन-तीन महिन्यांनी द्या, आणि दर वेळी दोनच गोष्टी मागा: मावशींना पगार वेळेवर मिळाला का, आणि पाळणाघरात भावंडं ठेवून शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुली किती. मुलांची नावं मागू नका, आकडा पुरे.

संस्था निवडताना बार्देशमध्येच, म्हणजे म्हापसा-कळंगुटच्या तालुक्यातच, शोधा असं नाही. मडगावला 'जन उगाही' ही संस्था रस्त्यावरच्या आणि स्थलांतरित मुलांसाठी काम करते. वास्कोला 'अर्ज' ही संस्था लैंगिक शोषण आणि मानवी तस्करीविरुद्ध काम करते, तिने बायकांसाठी लॉन्ड्रीचा रोजगारही उभा केला. दोन-तीन ठिकाणी जा, बसा, विचारा. पावती आणि आयकराची सवलत सगळे देतील, त्यावरून निवड करू नका. त्यांच्याकडे कार्यकर्ते किती वर्षं टिकतात ते बघा. दर सहा महिन्यांनी माणसं बदलत असतील तर वस्तीतल्या आया त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

आणि जमलं तर दुसऱ्या वर्षाचीही सोय आत्ताच बघा. एक वर्ष चालून बंद पडलेलं पाळणाघर मी पाहिलं आहे. मोठ्या मुली एका आठवड्यात शाळेतून गेल्या.

---

मोरजी_किनारा

ताई, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. मुलाकडून माल घेतल्यामुळेच मूल तिथे राहतं, हे पटलं. शेजारच्या चार शॅकवाल्यांशी बोललो. येत्या सीझनला संध्याकाळी सातनंतर मुलांना टेबलांपाशी येऊ द्यायचं नाही, बायकांना मात्र अडवायचं नाही, असं करू म्हणतात. गिऱ्हाईकांना सांगायला छोटा फलकही लावू. पण बायका भांडायला येणार. आमच्या वेटरांनी हाकललं तर उलटं होईल. त्यांना समजवायचं कोणी? आणि मुलांना सातनंतर ठेवायचं कुठे?

---

मांडवीकाठ

भाऊ, फलक लावायच्या आधी वस्तीत जायला हवं. सीझन सुरू झाल्यावर नाही, कुटुंबं परत येतात त्या पहिल्या आठवड्यात. दुपारच्या वेळी, बायका माळा ओवत बसलेल्या असतात तेव्हा. त्यांच्यातल्या वयस्क बाईशी आधी बोलायचं, बाकीच्या तिचं ऐकतात. तुमच्या वेटरांना पाठवू नका, तुम्ही मालक स्वतः या. "तुमचा माल आमच्याकडे विकायला बंदी नाही" हे तुमच्या तोंडून ऐकलं की निम्मं भांडण मिटेल. बाकीच्या निम्म्यासाठी मुलांना ठेवायची जागा दाखवावी लागेल. मागच्या बाजूला रस्त्यालगत एखादी भाड्याची खोली, पंखा, संडास आणि सुरक्षित दार असलेली, एवढं बघून ठेवा. किनाऱ्यावरची झोपडी नको. शिकवणारी आणि सांभाळणारी बाई कोण असेल, तिची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे खोली घेण्याआधी ठरायला हवं.

खोर्लीकर, तुमच्या बॅचचे पैसे आणि यांची खोली एकाच वस्तीसाठी वापरता येतील का, ते एखाद्या नोंदणीकृत संस्थेसमोर बसून बोला. आपण तिघांनी परस्पर मुलं सांभाळायला सुरुवात करायची नाही. मी सोबत येईन. मला खासगी निरोप पाठवा, दिवाळीच्या आधीचा कुठलाही शनिवार चालेल.